ब्रेक पॅडवरची ‘लाइफटाइम गॅरंटी’: घ्यावी की सोडावी?

ब्रेकचं काम निघालं की काउंटरवर बहुधा दोन पर्याय समोर येतात. एक साधे पॅड, आणि दुसरे थोडे महाग पण ‘लाइफटाइम गॅरंटी’वाले. दुसरे घेतले तर पुढे कधीही पॅड घासले तरी नवे फुकट, असं सांगतात. माझं काम या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला आहे. विकलेल्या गॅरंटीचे क्लेम माझ्या टेबलावर येतात. मी कागद बघते, काढलेले पॅड मोजते आणि मंजूर की नामंजूर ते लिहिते. त्यामुळे विकताना काय बोललं गेलं यापेक्षा काही वर्षांनी माणसाच्या हातात काय पडलं, हे मला जास्त दिसतं.

माझं मत आधीच सांगते. गॅरंटीसाठी वेगळे पैसे मोजावे लागत नसतील तर घ्या (एक अपवाद पुढे येईल). मोजावे लागत असतील तर बहुतेकांनी घेऊ नये. काही जणांना मात्र ती चांगलीच परवडते. आपण त्यांच्यातले आहोत का, हे ठरवायला दहा मिनिटं आणि गॅरंटीचा पूर्ण कागद पुरतो. जाहिरात नव्हे, मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला कागद.

गॅरंटी नक्की कशावर आहे

नव्या पॅडवर घासणारा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो खोडरबरासारखा झिजण्यासाठीच केलेला असतो. म्हणूनच नेहमीची वॉरंटी झिजेला लागू होत नाही, फक्त बनावटीतल्या दोषाला होते: थर पाठीच्या पत्र्यापासून सुटला, तडा गेला, असं काही. लाइफटाइम गॅरंटीचं वेगळेपण एवढंच की ती साध्या झिजेलाही लागू होते. हे खरं आहे आणि त्यात फसवणूक नाही.

पण ब्रेक म्हणजे नुसते पॅड नव्हेत. पॅड जिला दोन्ही बाजूंनी चिमटतात ती चाकाबरोबर फिरणारी डिस्क झिजते. पॅड धरून डिस्कवर दाबणारा जो कॅलिपर, तो ज्यांवर सरकतो त्या गाईड पिना गंजून अडकतात. कॅलिपरमधल्या, पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनचं रबरी आवरण फाटतं आणि आत पाणी शिरतं. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम असतील तर त्यातला ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर गळतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं. यातलं काहीही सहसा गॅरंटीत नसतं. आणि मजुरी? तीही बहुतेक ठिकाणी नसते. म्हणजे संपूर्ण ब्रेकच्या खर्चातला जो तुकडा सगळ्यात सरळ आणि आधीपासून अंदाज बांधता येण्याजोगा आहे, तेवढाच तुम्हाला फुकट मिळणार असतो. वाढून बसणारं बिल बाकीच्या गोष्टींचं असतं.

काउंटरवर कोणी ‘ब्रेकवर लाइफटाइम गॅरंटी’ म्हणालं तर लगेच विचारा: पॅडवर की ब्रेकवर? समोरचा थोडा थांबला तरी उत्तर मिळालं असं समजा.

किती काळ आणि कोणासाठी

कागदात मुदत बहुधा तीनपैकी एका प्रकारे लिहिलेली असते: ही गाडी चालू आहे तोवर, ही गाडी तुमच्या नावावर आहे तोवर, किंवा पॅड ‘उपयोगात आहेत’ तोवर. तिसरा प्रकार सगळ्यात पोकळ. घासून संपलेला पॅड उपयोगात आहे का, यावर वाद घालायला तिथे भरपूर जागा असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९८५ साली गॅरंटीच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक नियम केले, त्यात यासाठी स्वतंत्र कलम आहे. ‘लाइफटाइम’ म्हणायचं असेल तर ते आयुष्य कोणाचं, हे जाहिरातीतच स्पष्ट सांगा, असं ते कलम म्हणतं. त्याखालची उदाहरणंही गाडीच्याच सुट्या भागांची आहेत, सायलेन्सर आणि बॅटरी. गोंधळ किती जुना आहे ते यावरून कळावं.

व्यवहारात सगळ्यात जास्त दिसतो तो दुसरा प्रकार: तुमची गाडी, तुमचं नाव. गाडी विकली की गॅरंटी संपली. ती नव्या मालकाकडे जात नाही आणि तुमच्या पुढच्या गाडीलाही लागत नाही. जुनी गाडी घेताना ‘ब्रेकला लाइफटाइम गॅरंटी आहे’ असं विकणारा सांगत असेल, तर कागदात हस्तांतराचं कलम बघितल्याशिवाय त्यासाठी एक पैसाही जास्त देऊ नका.

आणखी एक ओळ शोधा: नवे पॅड किती वेळा मिळणार? काही कागदांत एकदाच बदलून देण्याची मर्यादा असते. काहींत फुकट मिळालेल्या पॅडना पुढे गॅरंटी नसते. माझ्या टेबलापर्यंत येऊन ही ओळ पहिल्यांदा वाचणारे लोक बरेच असतात.

हिशोब करून बघा

हिशोब आकड्यांनी करायचा, पण भाव सगळीकडे वेगळे, म्हणून रुपयांऐवजी किमतीचे नुसते ‘भाग’ धरू. साध्या पॅडचे ४० भाग, गॅरंटीवाल्यांचे ६०, बसवण्याची मजुरी ३०. तुमच्या बिलातले आकडे घालून हेच गणित पुन्हा करा.

तुम्ही वर्षाला १२,००० किलोमीटर चालवता आणि तुमच्या चालवण्यात पुढचे पॅड ४५,००० किलोमीटर टिकतात असं धरू. म्हणजे पॅड संपायला पावणेचार वर्षं. गाडी आणखी पाच वर्षं ठेवणार असाल तर फुकट पॅडची पाळी एकदाच येईल. आज २० भाग जास्त देऊन तुम्ही पावणेचार वर्षांनी ४० भाग वाचवाल. मजुरी तेव्हाही द्यायचीच आहे. तेवढ्यात गाडी विकलीत तर २० भाग गेले. आणि गॅरंटी देणाऱ्याची मजुरी शेजारच्या गॅरेजपेक्षा १० भागांनी जास्त असेल, तर दोन खेपांत तोही फायदा संपला.

आता दुसरा माणूस घ्या. नोकरीसाठी रोज लांब जातो, वर्षाला ४०,००० किलोमीटर. तितकेच टिकणारे पॅड धरले तर पाच वर्षांच्या २,००,००० किलोमीटरमध्ये चार वेळा फुकट पॅड, म्हणजे २० भागांवर १६० भाग वाचले. याने गॅरंटी जरूर घ्यावी. फक्त एक अडचण आहे. टॅक्सी, मालवाहतूक, भाड्याची गाडी अशा धंद्याच्या वापराला ही गॅरंटी बहुतेक कागदांत नसते. ज्यांचे पॅड सगळ्यात लवकर संपतात त्यांना बाहेर ठेवूनच तिचा भाव ठरलेला असतो.

पॅड किती टिकतात हा आकडा मात्र कोणाकडून उसना घेऊ नका. हायवेवर सरळ चालणारी गाडी आणि सिग्नलला थांबत, घाट उतरत जाणारी गाडी यांच्यात दुपटीचा फरकही पडू शकतो. जुन्या बिलांवर किलोमीटर रीडिंग असतं. मागच्या वेळी पॅड कधी बदलले ते बघा, वजाबाकी करा.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हा भाग थोडक्यात आटपतो. तिथे वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटर करते, पॅड फार हळू झिजतात. उलट कमी वापरामुळे डिस्कवर गंज धरतो आणि गाईड पिना अडकतात, आणि गॅरंटी याला लागू नसते. झिजेची गॅरंटी अशा गाडीला जवळजवळ निरुपयोगी.

‘आधी हे दुरुस्त करा’

क्लेम करताना लोकांचा सगळ्यात जास्त संताप होतो तो एका कलमामुळे. भाषा थोडी इकडेतिकडे असते, पण अर्थ असा: नवे पॅड तेव्हाच मिळतील जेव्हा बाकीचे ब्रेक आमच्या तपासणीत योग्य ठरतील, आणि ते नसतील तर तुम्ही आधी आमच्याकडेच, स्वखर्चाने, दुरुस्त करून घ्याल.

“ताई, पॅड फुकट आहेत ना, मग हे बिल कशाचं?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की उत्तर पाठ आहे. एका गृहस्थांच्या पुढच्या डाव्या चाकाचा आतला पॅड पत्र्यापर्यंत गेला होता आणि बाहेरचा निम्मा शिल्लक होता. याचा अर्थ कॅलिपर पिनेवर सरकत नव्हता, एकच पॅड काम करत होता. आतल्या पत्र्याने डिस्कवर खोल चर पाडले होते. पॅड मंजूर झाले. पण पिना, त्यांची रबरं आणि दोन्ही डिस्क त्यांच्या खिशातून. त्या गृहस्थांना वाटलं, आपल्याला गंडवलं. मेकॅनिकच्या बाजूने सांगायचं तर तो बरोबर होता: अडकलेल्या कॅलिपरमध्ये आणि चर पडलेल्या डिस्कवर नवे पॅड बसवणं म्हणजे तेही लवकर घालवणं, आणि ब्रेक लागताना गाडी एका बाजूला ओढणं.

पण याच कलमाच्या आडून नको ती कामंही गळ्यात मारली जातात, हेही तितकंच खरं. गाडी लिफ्टवर असते, चाकं काढलेली असतात, तुम्हाला फुकट पॅड हवे असतात. अशा वेळी ‘नाही’ म्हणणं अवघड. गॅरंटी देणाऱ्याला ती परवडते यामागे हेही एक कारण आहे. पॅडचा खर्च सोसून तो तुम्हाला दर वेळी स्वतःच्याच लिफ्टवर आणतो. बाकीची कारणं म्हणजे हरवलेली बिलं आणि मधेच विकल्या गेलेल्या गाड्या.

खरं काम आणि लादलेलं काम वेगळं काढायचा एकच मार्ग मला माहीत आहे: मत विचारू नका, माप विचारा.

डिस्क बदलायला सांगत असतील तर तिच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेला किमान जाडीचा आकडा दाखवायला सांगा. तो बहुधा ‘मिन’ या इंग्रजी अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये असतो. मग मायक्रोमीटरने प्रत्यक्ष जाडी मोजायला सांगा. कडेचा उंचवटा सोडून, जिथे पॅड घासतो तिथे. माप किमान आकड्याच्या खाली असेल तर वाद संपला, डिस्क बदला. पातळ डिस्क लवकर तापते आणि तडकू शकते. माप वर असेल, चर नसतील आणि ब्रेक दाबताना पेडल थरथरत नसेल, तर बदलण्याचं कारण लेखी द्यायला सांगा. कारण लिहायची वेळ आली की बऱ्याच डिस्क चांगल्या निघतात. ड्रमचं उलट असतं: तिथे आतला व्यास वाढत जातो, म्हणून ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो.

पॅडचंही तसंच. चारही चाकांच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून मागा. ‘चाळीस टक्के शिल्लक’ असलं टक्क्यांतलं उत्तर घेऊ नका, कशाचे टक्के ते कोणी सांगत नाही. कॅलिपरबद्दल म्हणतात, ‘जाम आहे’. मग पिन हाताने सरकवून दाखवा म्हणावं. नुसती पिन कोरडी झाली असेल तर सफाई आणि योग्य ग्रीस पुरतं, पूर्ण कॅलिपर लागत नाही. पिस्टन दाबल्यावर मागे जात नसेल किंवा ऑइल झिरपत असेल, तर गोष्ट वेगळी.

ब्रेक ऑइलचा आग्रह मात्र मला सहसा खोटा वाटत नाही. डॉट ४ प्रकारचं ऑइल कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकानुसार ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. लांब उतारावर ब्रेक तापले की अशा ऑइलमध्ये वाफ होते आणि पेडल खाली बसतं. कित्येक कंपन्या दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. तुमच्या मॅन्युअलमधली मुदत बघा. ती उलटली असेल तर फुकट पॅडच्या निमित्ताने का होईना, बदलून टाका.

फुकटासाठी थांबू नका

हे मला सगळ्यात जास्त खटकतं. काही कागदांत पॅड अमुक मिलिमीटरच्या खाली गेल्याशिवाय क्लेम करता येत नाही. मग लोक थांबतात. पॅडला लावलेली छोटी पत्र्याची पट्टी डिस्कवर किंचाळायला लागते, ती पट्टी त्यासाठीच असते. तरी थांबतात, कारण मागच्या खेपेला ‘अजून अर्धा मिलिमीटर आहे’ म्हणून परत पाठवलेलं असतं. मग किंचाळणं थांबून खरखर सुरू होते. म्हणजे आता पत्रा लोखंडावर घासतो आहे. थांबायला अंतर जास्त लागतं आणि डिस्क फुकट जाते. डिस्क गॅरंटीत नाही.

कागदातली मर्यादा ३ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर काळजी नाही. १ मिलिमीटर किंवा ‘पूर्ण घासल्यावर’ असं लिहिलं असेल तर ती गॅरंटी घेऊच नका, फुकट दिली तरी. ३ मिलिमीटरला पॅड बदलून टाकायचे, क्लेम बसो न बसो.

पॅड कुठला आहे ते विचारा

गॅरंटी किती टिकणार याबद्दल बोलते. गाडी किती लवकर थांबणार याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. जास्त टिकावं म्हणून थर कठीण केला तर थंडपणी पकड कमी असणं, आवाज, डिस्कची जास्त झीज, यांतलं काही पदरी येऊ शकतं. सगळे गॅरंटीवाले पॅड असे असतात असं नाही. म्हणून खोका मागून घ्या आणि पॅड बघा.

कित्येक पॅडच्या कडेला छापलेल्या कोडमध्ये दोन इंग्रजी अक्षरं असतात, ई, एफ, जी यांपैकी. पहिलं नेहमीच्या तापमानाची पकड सांगतं, दुसरं खूप तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. मूळ पॅडवर एफएफ असेल आणि तुम्हाला ईई देत असतील, तर गॅरंटी आयुष्याची असो की सात जन्मांची, मी घेणार नाही. या अक्षरांवरून पॅडचा दर्जा किंवा टिकाऊपणा कळत नाही, फक्त पकडीची पायरी कळते. पाठीवर वर्तुळातला ई आणि ९०आर असा शिक्का असेल तर तो युरोपातल्या आर-९० मानकाचा. त्यात पॅडची कामगिरी गाडीच्या मूळ पॅडच्या १५ टक्के आतबाहेर असावी लागते. हा शिक्का मला कुठल्याही गॅरंटीपेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

स्वतः पॅड बदलणाऱ्यांसाठी

तुम्ही घरी पॅड बदलत असाल आणि सुट्या भागांचं दुकान झिजलेल्या पॅडच्या बदल्यात नवे देत असेल, तर डोळे झाकून घ्या. मजुरी नाही, लिफ्टवरचा आग्रह नाही. या गॅरंटीचा खरा फायदा मी याच लोकांना होताना बघितला आहे. दुकानाच्या एकाहून जास्त शाखा असतील आणि सगळीकडे क्लेम चालत असेल तर उत्तमच. एकट्या दुकानाची गॅरंटी ते दुकान असेपर्यंतच.

घेतलीच तर

बिलाची त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि फोनमध्ये फोटो ठेवा. मशीनमधून निघणारी गुळगुळीत पावती थर्मल कागदाची असते. गाडीच्या कप्प्यात उन्हात राहिली की काही महिन्यांत कोरी होते. माझ्यापुढे कोरे कागद ठेवून “इथे लिहिलं होतं हो” म्हणणारे येतात. मला ते पटतंही, पण मंजुरीच्या रकान्यात पटण्याला जागा नाही.

बिलावर तुमचं नाव, गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर रीडिंग आणि पॅडचा पार्ट नंबर या पाचही गोष्टी आहेत का ते निघण्यापूर्वी बघा. पुढचे की मागचे तेही लिहून घ्या. पुढच्या पॅडची गॅरंटी मागच्यांना लागत नाही, आणि नुसतं ‘ब्रेक पॅड १ सेट’ लिहिलं असेल तर वाद ठरलेला. ठरावीक मुदतीने त्यांच्याचकडे तपासणी करण्याची अट असेल, तर तिच्या तारखा फोनमध्ये टाका. एक चुकली तरी पुरतं.

नवे पॅड बसवल्यावर सुरुवातीला कचकचून ब्रेक मारणं टाळा. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू जवळपास थांबेपर्यंत ब्रेक लावायचा, मधे थोडं चालवून थंड होऊ द्यायचं, असं काही वेळा करा. पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो. नाहीतर तो ठिकठिकाणी चिकटतो आणि पेडल थरथरायला लागतं, जी तक्रार गॅरंटीत कुठेच बसत नाही.

क्लेमला जाताना काढलेल्या पॅडचे फोटो स्वतः घ्या, आतला आणि बाहेरचा वेगळा, शेजारी पट्टी धरून. क्लेममध्ये जुने पॅड दुकान ठेवून घेतं. नंतर नकार आला आणि तुम्हाला दुसरीकडे दाखवायचं असेल, तर हातात तेवढेच फोटो उरतात. नकार तोंडी घेऊ नका. कोणत्या कलमाखाली नाकारलं त्याचा क्रमांक कागदावर लिहून मागा. आमच्याकडे असा कागद मागितला की फाइल एकदा वरच्या माणसाकडे जातेच.